बाभळीवरची पिल्लं आणि स्वस्तातली लेन्स

तळ्याकाठच्या पाणसरे गावात रोहिणी गवांदे नावाची बाई पिठाची गिरणी चालवायची. चाळिशी उलटल्यावर तिला पाखरांचे फोटो काढायचा नाद लागला. जुना कॅमेरा तिने मिळवला, पण त्यातून तळ्यातलं पाखरू मोहरीएवढं दिसे. म्हणून ती तालुक्याला हसनभाई तांबोळींच्या दुकानात गेली आणि लांबचं जवळ आणणारी, त्यातल्या त्यात स्वस्त अशी झूम लेन्स मागितली.

हसनभाईंनी लेन्स तिच्या हातात ठेवली आणि स्पष्टच सांगितलं, "ताई, शिकायला ही चांगली आहे. पण हिला ऊन लागतं. अंधारून आलं की ही काम करत नाही. पार शेवटापर्यंत ताणलीत, तर चित्र पुसट येतं. आणि हात हलला की सगळंच हलतं."

"एवढंच ना?" रोहिणी हसली. "गिरणीवर रोज माणसांच्या खोडी सांभाळते, हिच्याही सांभाळीन."

तिचा दीर सदाशिव यालाही हाच छंद. त्याची लेन्स कळशीएवढी जाड होती. तो चेष्टेने म्हणे, "वहिनी, तुमचं खेळणं सांभाळून ठेवा हं!" रोहिणी मनावर घेत नसे. गिरणी सुरू करण्याआधी ती घाटावर जाऊन बसे आणि कधी बगळ्याचे, कधी खंड्याचे फोटो काढून हात बसवत राही.

त्या हिवाळ्यात गावाने तळ्यात सहलीच्या होड्या सुरू करायचं ठरवलं. होड्या लावायला धक्का हवा होता आणि त्यासाठी पाण्यातल्या बाभळी तोडायच्या होत्या. त्या बाभळींवर चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची घरटी होती. सरपंच गणपतराव म्हणाले, "घरटी जुनी आहेत, रिकामी. पाखरं नुसती विसाव्याला बसतात." काठावरून उघड्या डोळ्यांना काड्यांचे ढीगच दिसत, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. रोहिणीला मात्र गिरणी बंद असली की तिकडून पिल्लांचा कलकलाट ऐकू येई.

एका संध्याकाळी तिला कळलं, की दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा आहे आणि सभा संपली की करवती चालणार आहेत. सभेत दाखवायला पिल्लांचा फोटो हवा म्हणून रोहिणी धावतच घाटावर गेली, पण सूर्य मावळला होता. अंधारात लेन्सला घरटं नीट धरताच येईना, ती नुसती पुढे-मागे करत राहिली. एकूण एक फोटो राखेसारखा करडा आला. पहिल्यांदाच तिला त्या लेन्सची लाज वाटली.

घरी सदाशिव आला होता. तो म्हणाला, "माझी लेन्स नेमकी दुरुस्तीला गेलीय, नाहीतर तीच दिली असती. पण हा फोटो घ्या. गेल्या वर्षी दुसऱ्या तळ्यावर काढलाय. हेच पक्षी, अशीच बाभूळ. कोण ओळखणार?"

फोटो अप्रतिम होता. पिल्लांच्या अंगावरची लव न् लव दिसत होती. रोहिणी कितीतरी वेळ बघत राहिली.

"फोटो झकास आहे, भाऊजी. पण ही आपली पिल्लं नाहीत."

"झाडं वाचल्याशी कारण!"

"आणि उघडं पडलं तर? मग मी खरं सांगितलेलंही कुणी ऐकायचं नाही. सकाळ आहे ना हाताशी, सकाळी बघू."

सकाळी तिने एका कापडी पिशवीत ज्वारी भरली, पिशवी घाटाच्या कठड्यावर ठेवली आणि तिच्यात लेन्स रुतवली. आता हात हलायचा प्रश्न नव्हता. तिने घाई केली नाही. ऊन टेकडीवरून उतरून बाभळींवर नीट पडू दिलं. लेन्सही पार ताणली नाही, थोडी अलीकडेच थांबवली. तेवढ्यात एक मोठा चित्रबलाक मासा घेऊन उतरला आणि घरट्यातून तीन पांढरी डोकी चोची वासून वर आली. रोहिणीने श्वास रोखून बटण दाबलं.

सभेत तिने शाळेच्या टीव्हीवर फोटो लावला. गणपतराव पुढे वाकले. "पाखरं फार लहान दिसतात. आणि हे आपलंच तळं कशावरून?"

"घरट्यामागे बघा, सरपंच."

मागे पाणीपुरवठ्याची निळी खोली स्वच्छ दिसत होती. ती पंचायतीनेच रंगवली होती. लेन्स शेवटापर्यंत ताणली असती, तर ती चौकटीत आलीच नसती. लोक हसले. गणपतराव मात्र हसले नाहीत, ते उठले. "चला, मला स्वतःला बघू द्या."

सगळी सभा घाटावर आली. गणपतरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग ते करवतवाल्यांकडे वळले. "परत जा, बाबांनो. धक्का पलीकडच्या काठाला करू. तिकडे झाडं नाहीत."

माणसं पांगली तेव्हा सदाशिव वहिनीजवळ आला. तो ओशाळला होता. "माझा फोटो लावला असता, तर सरपंचांनी पहिल्याच प्रश्नाला पकडलं असतं. जिंकलात, वहिनी. आता मात्र मोठी लेन्स घ्या."

"घेईन की. हिला न जमणारं काही मला हवंसं वाटलं, की घेईन. अजून हिचंच पुष्कळ शिकायचं राहिलंय," असं म्हणून रोहिणीने कॅमेरा शेजारच्या घरट्याकडे वळवला.

तात्पर्य: नवशिक्याला साधं साधन पुरतं. मात्र त्या साधनाला काय जमत नाही हे ओळखून धीर धरावा, आणि दाखवावं ते आपण स्वतः पाहिलेलंच.