बहिणीचे वळण

रोव्हाना हे जुने गाव दरीच्या तळाशी वसले आहे. तटबंदी आहे, घड्याळाचा मनोरा आहे, कमानींखालून वळणे घेत जाणाऱ्या फरसबंद गल्ल्या आहेत. हिवाळ्यात नाही ते फक्त ऊन. समोरचा काळा डोंगर इतका उंच, की नोव्हेंबर सरता सरता सूर्य त्याच्याआड जातो आणि जानेवारी संपत आला तरी गावात उतरत नाही. आणि नेमके गावाच्या डोक्यावर, दुसऱ्या बाजूच्या डोंगराच्या खांद्यावर, सोलेर. थोडीशी लाकडी घरे, माणसांना तारेवरून वर नेणारा खुर्च्यांचा एक जुना पाळणा, स्की करायला मोजके उतार आणि दिवसभर लख्ख ऊन. बड्या नावांच्या मागे धावणारे प्रवासी इकडे फिरकत नाहीत. येतात ते मुलांना स्की शिकवणारे आईबाप, आणि भिंतीला पाठ टेकून नुसते ऊन खाणारे माझ्यासारखे आळशी.

तिथल्या सगळ्यात सोप्या उतारावर एक वळण आहे. एप्रिलात आजूबाजूला गवत डोके वर काढते तरी त्या वळणावर निळसर, घट्ट बर्फाचा एक ढीग उरलेला असतो. उतार सारखा करणारे यंत्रसुद्धा त्याला वळसा घालून जाते. नवखा माणूस हमखास विचारतो, हे काय आहे? मग पाळण्यापाशी प्रवाशांना घोंगड्या देणारी मेंजाआजी हातातली घोंगडी बाजूला ठेवते.

"हा बर्फ इथला नाही," ती म्हणते. "खालचा आहे. सावलीतला."

आणि सांगू लागते.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. स्की नव्हते, पाळणा नव्हता, दिवस मावळला की तटाचे दरवाजे लागत. रोव्हानात उर्सिना आणि बार्ब्ला या दोघी सख्ख्या बहिणी होत्या. सोलेरच्या फ्लुरिनने मागणी घातली ती आधी थोरलीला. उर्सिनाने नाक मुरडले. "त्या शेळ्यांच्यात वर कोण जाऊन राहील?" असे म्हणून तिने गावची पावाची भट्टी चालवणाऱ्या लुत्सीशी लग्न केले आणि तटाच्या आत, भर चौकात संसार थाटला. फ्लुरिनने मग धाकटीला विचारले. बार्ब्ला लगेच हो म्हणाली. गावातल्या बायका तिच्यासाठी हळहळल्या. उर्सिनाही हळहळली, आणि ते हळहळणे तिला फार गोड लागले.

हा गोडवा पहिल्याच हिवाळ्यात आटला. गावात भर दुपारी दिवे लागत. भिंतींना ओल येई, धुतलेले कपडे दिवसेंदिवस दमट राहत, आणि पाव भाजून भाजून उर्सिनाच्या केसांत, पापण्यांत पीठ बसे. भट्टीच्या दारात उभे राहिले की समोर वर दिसे ते सोलेर, सोन्यासारखे झगझगीत. पाहायचे नाही असे ठरवले तरी मान आपोआप तिकडे वळे. आता बार्ब्ला बाह्या सरसावून दारात बसली असेल. आता तिची दुलई वाळत असेल. आता तिला घामसुद्धा आला असेल! उर्सिनाच्या अंगाचा तिळपापड होई. ते ऊन आपण स्वतःच्या तोंडाने नाकारले, हे ती सोयीस्करपणे विसरली. ते आपले ऊन, आणि बहीण त्यात जाऊन बसली, एवढेच तिच्या डोक्यात पक्के झाले.

त्यातून वर्षाचा एक दिवस तर तिला नकोसा होई. सोलेरकर उन्हाळ्यात कापलेले गवत वरच्या कोठारांत ठेवत आणि भर हिवाळ्यात, बर्फ नीट बसला की लाकडी घसरगाड्यांवर रचून गावाच्या दरवाजापर्यंत खाली आणत. गावातल्या गाईगुरांचा जीव त्या गवतावर होता. गाडीच्या पुढे एकजण बसे आणि टाचा बर्फात रोवून गाडी वळवे. सोलेरात हे काम बायका करत, आणि त्यांत बार्ब्लाचा हात धरणारे कुणी नव्हते. घराएवढे गवत पाठीशी घेऊन ती वाऱ्यासारखी खाली येई. अख्खे गाव दरवाजात जमून ओरडे, टाळ्या वाजवी.

एका वर्षी लुत्सीही टाळ्या वाजवत होता. भला माणूस, मनात काही नसलेला. तो सहज म्हणाला, "काय रंग आलाय गं तुझ्या बहिणीला! नुसतं पिकलेलं सफरचंद!"

उर्सिना तशीच गर्दीतून बाहेर पडली. ती घरी गेली, परातीच्या पाठीत आपला पांढराफटक चेहरा पाहिला, आणि ते सफरचंद वर्षभर तिच्या घशात अडकून राहिले.

इथे मेंजाआजी राखेविषयी सांगते, कारण त्याशिवाय पुढचे समजायचे नाही. रोव्हानातले शेतकरी हिवाळा सरायला आला की भट्टीवरून राख नेत आणि शेतातल्या बर्फावर पसरत. पांढरा बर्फ ऊन परतवतो, राखेने काळवंडला की ते पितो आणि लवकर वितळतो. पण गावातले ऊन ते केवढे! राख टाकल्यावर बर्फ नुसता मऊ पडायलाच बरेच दिवस लागत. उर्सिना जन्मभर हेच पाहत आली होती.

पुढच्या वर्षी गवत उतरवण्याच्या आदल्या सकाळी तिने टोपलीत राख भरली, वर चार पाव ठेवले आणि सोलेरची वाट धरली. उतारावरच्या त्या वळणावर गाडी सगळ्यात वेगात असते, हे तिला ठाऊक होते. तिथे तिने राख पसरली. बर्फ जरा मऊ पडेल, गाडी रुतेल, बार्ब्लाला उतरून ढकलावी लागेल आणि गाव हसेल. हसावे, एवढेच तिला हवे होते, असे सांगतात. मेंजाआजी याबद्दल पैज लावायला तयार नाही.

पण तिने हिशेब केला तो सावलीतला. सोलेरच्या उन्हाने त्या एका दिवसात राखेखालचा बर्फ पार खाऊन टाकला आणि खालचे दगड उघडे पाडले.

दुसऱ्या दिवशी गाव दरवाजात जमले. वर बार्ब्लाची गाडी दिसली, नेहमीसारखा ओरडा झाला. गाडी वळणाशी आली, उडाली आणि दिसेनाशी झाली. नुसते गवत हवेत तरंगत राहिले. सगळ्यांच्या आधी धावली ती उर्सिना. बार्ब्ला दगडांत पडली होती आणि तिचा पाय भलतीकडेच वळला होता. तिच्या तळहातांना राख लागली होती. एवढी राख निघणारी भट्टी साऱ्या मुलखात एकच होती.

"ताई," बार्ब्ला म्हणाली, "कशासाठी गं?"

उर्सिनाला खोटे सुचले नाही. "तुझं ऊन मला बघवत नाही," ती म्हणाली.

मागून फ्लुरिन आणि माणसे धापा टाकत पोचली. काय झाले म्हणून विचारू लागली. बार्ब्लाने बहिणीकडे पाहिले आणि म्हणाली, "दगड वर आला होता. माझंच लक्ष नव्हतं."

असे झाल्यावर एखादीने सुटकेचा श्वास टाकला असता. उर्सिनाला मात्र रात्ररात्र झोप लागेना. आधी ऊन बार्ब्लाचे, रंग तिचा, टाळ्या तिच्या. आता चांगुलपणाही तिचाच! शेवटी एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून तिने सगळ्या गावाला खरे काय ते सांगून टाकले. त्या दिवसापासून फ्लुरिन तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आणि तिथेच तिने नवस केला, की बार्ब्ला पुन्हा घसरगाडीवर बसेपर्यंत त्या वळणावर मी बर्फ कमी पडू देणार नाही.

बार्ब्लाचा पाय वाकडाच जुळला. ती पुन्हा कधी गाडीवर बसली नाही, त्यामुळे नवसही कधी फिटला नाही. हिवाळाभर उर्सिना गल्लीतला सावलीतला बर्फ टोपलीत भरून वर नेई आणि वळणावर ओतून तुडवून घट्ट करी. मत्सर काही गेला नव्हता. उलट रोज तो चढ चढताना तो आणखी तापे. वर बार्ब्ला कुबडी शेजारी ठेवून बाकावर बसलेली असे, उन्हात. उर्सिना टोपली रिकामी करी आणि जे असेल ते तोंडावर बोले.

"तुझ्या खिडकीत ऊन बघितलं आणि पोटात आग पडली."

"जाऊ दे, ताई. ये, बस," बार्ब्ला म्हणे आणि बाकावर सरकून जागा करी.

त्या 'जाऊ दे'ने उर्सिनाचे पाय जागीच थिजत. त्या बाकावर बसावे असे तिला फार वाटे. धाकट्या बहिणीशेजारी, लहानपणी एका दुलईत निजत तसे. पण क्षमा करणाऱ्या माणसाशेजारी बसायचे तरी कसे? ती रिकामी टोपली उचले आणि सावलीत उतरून जाई. अशी वर्षे गेली. दोघींचे केस पांढरे झाले.

मग एका हिवाळ्यात उर्सिनाने टोपली ओतली, नेहमीचे बोलून झाले, आणि बार्ब्ला 'जाऊ दे' म्हणालीच नाही. ती बाकावर सरकलीही नाही. मग एकदम म्हणाली, "तुझे पाय मला बघवत नाहीत."

"काय?"

"रोज येतेस! एवढा डोंगर चढून, ओझं घेऊन, धडधाकट दोन पायांवर! मी इथे बसून बघते आणि जळते. वाटतं, एकदा तरी घसरून पडावी मेली. आणि तोंडाने म्हणते, जाऊ दे, ताई!"

ती रडत होती आणि रागाने कुबडी बाकावर आपटत होती.  उर्सिनाने टोपली खाली ठेवली, झग्याला हात पुसले आणि बहिणीच्या शेजारी उन्हात बसली. दोघी सूर्य डोंगराआड जाईपर्यंत बसल्या होत्या, असे सांगतात.

आजही मोसमाच्या पहिल्या दिवशी रोव्हानाचे लोक गल्लीतला बर्फ टोपल्यांत भरून पाळण्यातून वर आणतात आणि त्या वळणावर ओततात. सोलेरकर तिथे आधीच येऊन उभे असतात. मग ज्याचे जे बघवत नाही ते त्याला समोरासमोर सांगायचे. जाऊ जावेला सांगते, मित्र मित्राला, मुलगा बापाला. ऐकणाऱ्याने 'जाऊ दे' म्हणायचे नाही, असा कडक दंडक आहे. त्याने उलट आपण कशावर जळतो ते सांगायचे आणि मग दोघांनी मिळून गरम सूप प्यायचे. माझ्या मनात कुणाबद्दल काहीच नाही, असे म्हणणारा एखादा दरवर्षी निघतोच. त्याला त्या दिवशी पाळण्यात बसू देत नाहीत. अशा माणसाला उतारावर सोडणे बरे नाही, असे मेंजाआजीचे मत आहे.