चिमा तांडेलीण आणि हरवलेली भरती

एका राज्यात समुद्र होता, पण भरती नव्हती. एके दिवशी ओहोटी लागली, पाणी मागे सरले, सरत सरत नजरेपार गेले आणि परत आलेच नाही. होड्या चिखलात कलंडल्या. जाळी वाळून कडक झाली. माणसे सुकटीचे शेवटचे तुकडे चोखून दिवस काढू लागली.

त्याच समुद्रावर ‘वावटळ’ नावाचे एक लुटारू गलबत फिरत असे. त्याची तांडेलीण, म्हणजे म्होरकी, होती चिमा. सुकाणूवर तिची थोरली बहीण राही. बाकीच्या खलाशीही बायकाच. कुणी सासर सोडून आलेली, कुणी सासरने सोडलेली. राजाच्या आरमाराने वर्षानुवर्षे पाठलाग केला, पण वावटळ कधी हाती लागली नाही. समुद्र आटला तेव्हा मात्र तीही चिखलात रुतली, आणि आरमाराचे शिपाई गुडघाभर चिखल तुडवत आले.

सरदार धापा टाकत म्हणाला, “अखेर गाठलंच तुम्हाला!”

“चालत का होईना,” चिमा म्हणाली. “पाय धुऊन वर या. आत्ताच पुसलंय.”

सगळ्यांना दोर लावून राजा दुर्गसेनापुढे उभे केले. राजा उपासाने वाळला होता. मुकुट कानांवर आला होता.

राजा म्हणाला, “समुद्राच्या तळाशी मकरकेश नावाचा मांत्रिक राहतो. भरती त्यानं शंखात कोंडली आहे. माझे वीर गेले, ते परतले नाहीत. तू जा. भरती आणलीस तर तुझ्या बायका सोडीन. येत्या अमावास्येपर्यंत आली नाहीस तर फाशी देईन.”

“आणि मी पळून गेले तर?”

“जाशील?”

चिमाने राहीकडे पाहिले. राही म्हणाली, “जा गं. आणि वाटेत भांडत बसू नकोस.”

बायकांना किल्ल्याच्या पायथ्याच्या, वर्षानुवर्षे बंद पडलेल्या कोठडीत टाकले आणि चिमा एकटी कोरड्या समुद्रात उतरली.

ती चालली, चालली. वाळलेली शेवाळे पायांखाली चुरचुरत होती. एका खडकावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

“पंख कशाला वाळवतोस? ओले कुठं आहेत?” चिमाने विचारले.

“सवय आहे, बाई,” पाणकावळा म्हणाला. “तू कुठं निघालीस?”

“भरती आणायला.”

“मग मी येतो. मासा खाऊन किती दिवस झाले, ते आता पोटही सांगत नाही.”

पाणकावळ्याने वाट दाखवली. तळाच्याही तळाला एक काळा डोह होता. साऱ्या समुद्रात उरलेले तेवढेच पाणी. काठावर मोठमोठे धोंडे होते, आणि त्यांच्यामध्ये मकरकेश बसला होता. त्याच्या दाढीतून पाणी निथळत होते आणि मांडीवर पांढरा शंख होता.

“तीन कामं,” मकरकेश म्हणाला. “तिन्ही केलीस तर शंख तुझा. पहिलं काम. तो चिखलात रुतलेला जहाजाचा नांगर उपट. शंभर वीरांनी ओढला, हलला नाही.”

चिमाने नांगराभोवती एक फेरी मारली. त्याचा दात कुठल्या बाजूने रुतला आहे ते पाहिले. मग वीरांची पावले जिथे उमटली होती त्याच्या बरोबर उलट बाजूला गेली, साखळी खांद्यावर घेतली आणि ओढली. नांगर मुकाट वर आला.

“वीरांना कुणी नांगर उचलायला लावतं का?” ती हात झटकत म्हणाली. “आरमारात ते काम नोकर करतात.”

“दुसरं काम. त्या बुडालेल्या जहाजात खजिना आहे. त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू आण. चुकीची उचललीस तर हात शिशाचा होईल.”

जहाजात मोहरांच्या राशी होत्या, पाचूंचे हार होते, रत्नजडित तलवारी होत्या.

“बाई, तू तर लुटारू,” पाणकावळा म्हणाला. “आता तुझा हात काय थांबतो!”

“लुटारू आहे म्हणूनच कळतं,” चिमा म्हणाली. “बुडत्या जहाजावर यातलं काय कामाला येतं?” तिने राशी बाजूला सारल्या. तळाशी काथ्याच्या दोराचे वेटोळे होते. पीळ उलगडून पाहिला, दातांनी ओढून पाहिला. पक्का होता. तोच खांद्यावर टाकून ती बाहेर आली. हात हाताचाच राहिला.

मकरकेशाने दोराच्या टोकाला बोट लावून पाहिले. मग म्हणाला, “तिसरं काम सोपं आहे. सूर्य बुडेपर्यंत इथं बस. काहीही ऐकू आलं तरी हलू नकोस. हललीस तर भरती विसर.”

चिमा बसली. सूर्य कलला. तो बुडायला बोटभर उरला असताना डोहातून हाक आली, “दोर! कुणीतरी दोर टाका!”

पाण्यावर एक हात आला आणि खाली गेला.

चिमाला राही आठवली. बाकीच्या बायका आठवल्या. फाशी आठवली. पण वावटळीवर एक रीत होती: हाक आली की आधी दोर टाकायचा, बुडणारा आपला की परका हे त्याला वर काढल्यावर विचारायचे. पोरी गलबतावर आल्या की पहिल्या दिवशी हेच शिकत. चिमाचे मन अजून विचार करत होते, तोवर हाताने दोर फेकलाही होता.

“हललीस,” मकरकेश म्हणाला.

“हलले,” चिमा दातओठ खात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण हात ओढतच होते. “माझ्या बायका गेल्या. आता उगाच बघत बसू नकोस, टोक धर!”

मकरकेशाने टोक धरले. दोघांनी ओढले. वर आला एक तरुण खलाशी, आणि त्याचा चेहरा मकरकेशाचाच होता. काठाला लागताच तो धुक्यासारखा विरून मांत्रिकात मिसळला. मकरकेशाची दाढी प्रथमच कोरडी झाली.

“मी इथं बुडलो होतो,” तो हळू म्हणाला. “राजाचं गलबत जवळून गेलं. वर मेजवानी नि गाणं चाललं होतं. कुणी दोर टाकला नाही. त्या रागात मी मांत्रिक झालो, आणि पाणीच काढून घेतलं. आधीची कामं जमोत न जमोत, इथं येणाऱ्या प्रत्येकाला हीच हाक ऐकवली. सगळे माझा शब्द पाळून बसून राहिले.”

“मग ते कुठं आहेत?”

भोवतालचे धोंडे हलले. त्यांना हातपाय फुटले आणि राजाचे वीर आळस देत उठले. एकाने विचारले, “सूर्य बुडाला का?”

मकरकेशाने शंख चिमाच्या हाती दिला. “फुंकलास की पाणी एका दमात जुन्या खुणेपर्यंत येईल. त्याला थांबवणं माझ्याही हाती नाही. किनाऱ्यावर पोचूनच फुंक.”

चिमा, पाणकावळा, मांत्रिक आणि वीर किल्ल्याशी पोचले तेव्हा अमावास्या उजाडली होती. राजा बुरुजावर होता.

“फुंक!” राजा ओरडला.

चिमाने शंख ओठांना लावला. तेवढ्यात पायथ्याच्या गजांतून राहीची हाक आली, “चिमे, थांब! आमच्या डोक्याच्या वर भिंतीला कालवं चिकटलीत!”

चिमाने शंख खाली घेतला. 

“महाराज, आधी कोठडी उघडा.”

“आधी भरती, मग कैदी,” राजाशेजारी उभा असलेला प्रधान म्हणाला. “लुटारूंचा काय भरवसा? कालवांचं काय निमित्त काढता?”

चिमाने प्रधानाकडे पाहिले नाही; शंख वर, राजाच्या दिशेने धरला. “तुम्हीच फुंका, महाराज. पण खाली येऊन, कोठडीच्या दारात उभं राहून फुंका.”

राजा उतरला. गजांमागे भुकेल्या बायका उभ्या होत्या. भिंतीवर आतबाहेर कालवांचे पांढरे शिंपले चिकटले होते. राजाने मुकुट काढला आणि तो दाराशेजारच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. शिंपले त्याच्या डोक्याच्या हातभर वर होते.

“कालवं कुठं वाढतात?” त्याने विचारले.

“जिथवर भरतीचं पाणी चढतं तिथवर,” राही म्हणाली. “बुडालो असतो आम्ही. तुम्ही बुरुजावरून बघितलं असतं.”

 राजाने किल्ली मागवली. कुलूप गंजले होते, दोनदा अडले. तिसऱ्यांदा राजाने स्वतः दोन्ही हातांनी फिरवले. एकेक बाई बाहेर आली. चिमाने प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवला, आणि शेवटी आलेल्या राहीला घट्ट धरले.

“पुरे,” राही म्हणाली. “लोक उपाशी आहेत.”

सगळे तटावर चढले आणि चिमाने शंख फुंकला.

दूर एक रुपेरी रेघ उमटली. मग गाज आली, मग वारा, मग पाणी. होड्या उभ्या राहिल्या. वावटळ चिखलातून सुटली. पाणकावळ्याने सूर मारला आणि चोचीत मासा घेऊनच वर आला. तटाखाली कोठडी भरू लागली. पाणी उंबऱ्यावरून गेले, गजांवर चढले आणि शिंपल्यांना टेकून थांबले.

राजाने कोठडीची किल्ली त्या पाण्यात टाकली. मकरकेशाला त्याने आरमारात नेमले, दोर टाकायला शिकवण्यासाठी. लुटारूंना पाठलागाआधी एका भरतीची मोकळीक दिली, आणि त्या तेवढ्यात दिसेनाशा झाल्या. त्या राज्यात पाणी अजून रोज येते, रोज जाते. आणि हाक आली तर मेजवानीही थांबते.