भाजल्या वाळूचा उतार

जरा पाय जपून ठेवा. डांबरातून हातभर लोखंड वर आलंय ना, तो ट्रामचा रूळ. उंबरगडात एवढाच उरला. त्याच्या खाचेतली वाळू वाऱ्याने आलेली नाही. ती भाजून टाकलेली आहे.

फार पूर्वी इथे विजेची ट्राम चालायची, खासगी कंपनीची. पहिली गाडी धावली तेव्हा मालक शेठजींनी गावभर साखर वाटली म्हणे. पुढे मोटारी आल्या, प्रवासी घटले, आणि शेठजींचं मन ट्रामवरून उडालं. पहिली कात्री लागली ती वाळू सुकवायच्या भट्टीला. पावसात या उतारावर चाक घसरू नये म्हणून ड्रायव्हर पायाने कळ दाबून रुळावर वाळू सोडी. ती खडखडीत कोरडी लागते. ओली वाळू नळीतच अडकते. "उन्हात वाळवा," असा हुकूम आला. श्रावणात ऊन कुठून आणायचं, ते काही शेठजींनी सांगितलं नाही.

ड्रायव्हर होता म्हादबा. घरात त्याचं एकच माणूस, थोरली विधवा बहीण येसूआक्का. तिने वाळू स्वतःच्या चुलीवर भाजायला घेतली, रोज पहाटे कढईभर. कित्येक पावसाळे हा उतार त्या कढईवर तरला, असं सांगतात.

मग नागपंचमी आली. त्या दिवशी चुलीवर तवा-कढई चढवत नाहीत, नागोबाला चटके बसतात. शिवाय आक्काचा उपास भावासाठीच. म्हादबा वाळू न्यायला आला, तर कढई पालथी.

"आक्का, पाऊस लागलाय. मूठभर तरी भाज."

"आजच्या दिशी न्हाई रं. तुझ्याच आयुक्षासाठी पाळतीया. देव बघून घील."

त्यानेही फार ताणलं नाही. आदल्या दिवशीची उरलेली, दमट झालेली वाळू गाडीत भरली आणि निघाला.

उतारावर त्याने ब्रेक लावला. चाकं थांबली, गाडी थांबेना. कळ दाबली, पण वाळूचा कणही पडला नाही. ओरडून ओरडून त्याने सगळ्यांना मागच्या दाराने उड्या मारायला लावल्या म्हणे, आणि स्वतः कळ दाबतच उताराखालच्या दगडी कमानीवर आदळून गेला.

कंपनीने दोष त्यालाच दिला आणि पुढे लवकरच गाशा गुंडाळला. तारा, रूळ, सगळं भंगारात गेलं. या तुकड्यावर येसूआक्का बसून राहिली, म्हणून तो राहिला. मरेपर्यंत ती वाळू भाजून इथे आणत होती. कुणी समजूत घालायला गेलं तर एवढंच म्हणायची, "नागोबा कोपला आसता तर माझ्यावर कोपला आसता. भाऊ तर ऱ्हायला आसता."

 

आजही नागपंचमीला सगळ्या उंबरगडात तवा चढत नाही. या आळीत मात्र घरोघरी कढई चढते. बायका गरम वाळू आणून खाचेत ओततात आणि मुकाट घरी जातात. देवाजवळ काही मागत नाहीत. या रुळावरून आता काही यायचं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी ओतण्याआधी प्रत्येक बाई ती वाळू बोटांत चोळून बघते, नीट कोरडी झाली ना.