शाख्रॉनचा डोंगर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक दलदलीचा डोंगर आहे. तिथे गवताच्या एका तुकड्यावर कुणी पाय देत नाही. पाय पडला की ओळखीची वाट परकी होते. आपल्याकडे चकवा लागतो, तसंच. गावातला म्हातारा मुइरिश पाहुण्यांना तो तुकडा लांबूनच दाखवतो. त्याच्या आयरिश भाषेत भटकण्याला शाख्रॉन म्हणतात. या गावात ‘मी भटकलो’ म्हणायचं नाही, ‘माझ्यावर शाख्रॉन आलं’ म्हणायचं.

असं सांगतात, की फार पूर्वी गोबनेत नावाच्या विधवेचा मुलगा दोनखा या डोंगरावर पहाऱ्याला असे. लुटारूंच्या होड्या दिसल्या की त्याने जाळ करायचा. होड्या आल्या, जाळ झालाच नाही. गाव लुटलं गेलं, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी दोनखा भलत्याच दरीतून चालत आला.

“जागा सोडून गेलास?” न्यायाधीशाने विचारलं.

“सरपणाला वळलो, गवताच्या त्या तुकड्यावर पाय पडला. पुढे मी गेलो नाही. माझ्यावर शाख्रॉन आलं.”

“पाय कुणाचे होते?”

“माझेच.”

“मग गेलास तूच.”

शिक्षा ठरली: ओहोटी लागली की बिनवल्ह्याच्या होडीत बसवून समुद्रात सोडायचं.

गोबनेत रडली नाही, म्हणे. “तोवर तो तुकडा तरी बघून या,” एवढंच ती न्यायाधीशाला म्हणाली. तो तिच्यापुढे वर चढला आणि त्याने मुद्दाम त्यावर पाय दिला. ऊन लख्ख होतं. तरी तो एकाच खडकाभोवती फिरत राहिला. गोबनेतच्या हाका त्याला ऐकू जाईनात. खाली पाणी ओसरू लागलं. धावत जाऊन मुलाला शेवटचं पाहावं, असं तिला फार वाटलं. पण होडी थांबवू शकणारा माणूस इथे होता. ती त्याच्यामागेच धावत राहिली. शेवटी तिने त्याला गाठून, शाख्रॉनवरचा जुना उतारा म्हणून, त्याचा झगा उलटा करून घातला, तेव्हा कुठे त्याला वाट दिसली.

ते किनाऱ्यावर पोचले तेव्हा होडी दिसेनाशी झाली होती.

“कुठे गेला होतात?” लोकांनी विचारलं.

न्यायाधीशाने अंगावरच्या उलट्या झग्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “गेलो नव्हतो. माझ्यावर आलं होतं.”

“उतरलं ना?” गोबनेतने विचारलं.

“उतरलं.”

“मग त्याच्यावरचंही उतरेल,” म्हणत ती वाळूवर बसली. दोनखा काही परतला नाही.

आजही त्या गावातून कुणी दूरदेशी निघालं, तर त्याच्या आईसमोर ‘गेला’ म्हणत नाहीत. मुइरिशची लेक ऑस्ट्रेलियात असते. तिच्याबद्दल विचारलं, तर तो म्हणतो, “तिच्यावर शाख्रॉन आलंय.” आणि पुढे म्हणतो, “उतरेल.”