आतून पॉलिश केलेली पेटी

“सून गुणाची आहे हो, पण घरात आहे की नाही हे हाक मारल्याशिवाय कळत नाही,” शेवंताच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगत होत्या. “मी तर कधी कधी दचकतेच!”

शेवंता तेव्हा कुंपणाच्या अलीकडेच, मधपेटीमागे वाकून बसली होती. तिने हसू दाबले आणि हातातले काम चालू ठेवले.

डोंगरउतारावरच्या एका गावात तिचे सासर होते. सासरे गंगाराम हे नवशिके मधपाळ. आदल्या वर्षी त्यांनी पहिली पेटी आणली आणि दाराचा उरलेला हिरवा रंग तिला आतून-बाहेरून फासला. थोड्याच दिवसांत माशा उडून गेल्या. गंगारामांना जेवण गोड लागेना. पेटी त्यांच्या तोलामोलाची नव्हती म्हणूनच त्या गेल्या, अशी त्यांनी समजूत करून घेतली. जावयाच्या मानपानात काही राहून जावे, तसे ते त्यांच्या मनाला लागून राहिले.

यंदा रानातल्या झाडाच्या ढोलीत नवे मोहोळ मिळाले. गंगारामांनी लगेच सुताराला सागवानी पेटी सांगितली. ती होईपर्यंत माशांना स्वस्तात घेतलेल्या एका जुन्या पेटीत ठेवले. तिचे लाकूड मुरलेले, सांधे घट्ट, पण दिसायला काळपट. गंगारामांना तिची लाजच वाटे.

शेवंता मात्र अंगण झाडता झाडता तिच्याकडे बघत राही. तळाच्या फळीवर कचरा साचला की पोळे पोखरणारा मेणकिडा जाळी धरतो, हे तिच्या ध्यानात आले. ती रोज सकाळी फळी पुसू लागली. पेटीचे पाय ज्या वाट्यांत होते, त्यांतले पाणी आटले की मुंग्या वर चढत. ती पाणी घाली. कोणाला काही बोलली नाही. माशा पायांना पिवळे पराग लावून परतू लागल्या. आत पिले वाढत होती.

मग सागवानी पेटी आली. आतून-बाहेरून चकचकीत पॉलिश! गंगारामांनी पाहुणे बोलावले. शेवंताने पेटीत डोकावून पाहिले आणि तिला शिंक आली. तिच्या लग्नातल्या कपाटालाही हाच वास होता. त्यातल्या साड्या तो अजून सोसत होत्या, कारण बिचाऱ्यांना उडून जाता येत नव्हते.

“चला, आज आमच्या राणीमाशीचा गृहप्रवेश!” म्हणत गंगाराम जुन्या पेटीकडे निघाले.

माशा पुन्हा गेल्या, तर हा माणूस पुन्हा पेटीला हात लावणार नाही, हे शेवंताला दिसत होते. पण चारचौघांत सासऱ्यांना अडवायचे, तेही नव्या सुनेने? गंगाराम झाकण उचलणार, तोच तिने पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला.

“अगं, चावतील ना! काढ हात,” आत्याबाई ओरडल्या. हात निघेना. “मग तोंडाने सांग तरी, काय झालं ते!”

गंगारामांचा चेहरा उतरला. “पेटी आवडली नाही का गं तुला?”

“पेटी सुरेख आहे, मामंजी,” शेवंता म्हणाली. “पण ती आपल्या डोळ्यांना. त्यांना हा वास सोसायचा नाही. मागच्या माशा काही मानपानावरून रुसल्या नव्हत्या, रंगाला कंटाळून गेल्या. यांची पिलं इथं आहेत, यांना इथंच राहू द्या. नवी पेटी वाया जायची नाही. आतलं पॉलिश रंध्यानं काढू, उन्हात वास जाऊ देऊ, पुढच्या मोहोळाला होईल. आणि लाडच करायचे असतील, तर उद्या सकाळी माझ्याबरोबर तळाची फळी पुसायला या.”

गंगारामांनी झाकणावरचा हात काढला आणि विचारले, “किती वाजता?”

तात्पर्य: ज्या जिवाला आपण घरी आणतो, त्याचे लाड आपल्या हौसेने करू नयेत, त्याला काय मानवते ते बघून रोज थोडे राखावे, आणि ज्याला ते दिसले त्याने वेळेवर बोलावे.