राणीच्या गालातली सुपारी

एकदा काय झालं, एका राजाचे कान फार नाजूक झाले. मनू, आधी ते पाय हलवायचे थांबव बघू. हं. तर राजाचं नाव चंद्रभान. माणूस वाईट नव्हता बरं का, पण कुठे वाटी पडली तरी ह्याच्या कपाळात कळ जायची. मग एके दिवशी दरबारात धैवतबुवा नावाचे मोठे गवई आले. बुवा असे गायले, असे गायले, की राजाने डोळेच मिटले. आणि डोळे उघडले तेव्हा त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलेलं होतं.

राजा म्हणाला, "इतकं सुंदर गाणारा माणूस आपल्याकडे असताना बाकीच्यांनी घसा कशाला खरवडायचा? आजपासून बुवा गातील. इतरांनी ऐकायचं."

मग दवंडी पिटली. जो बेसूर गाईल त्याने अख्खी सुपारी गालात धरायची, उठल्यापासून निजेपर्यंत. जेवताना काढायची, हात धुतले की परत ठेवायची. गालात सुपारी असली की गाणार कसं? कोतवाल थैली घेऊन गल्लोगल्ली फिरायला लागला. दळणारीचा सूर घसरला, घे सुपारी. मोट हाकणाऱ्याचा आवाज फाटला, घे सुपारी. बघता बघता सगळ्या नगरीचे गाल फुगले. बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला वाटायचं, ह्या गावात सगळ्यांचीच दाढ सुजलीय की काय!

आता राजाची राणी होती केतकी. शेतकऱ्याच्या घरची लेक, हाताने काम करायची सवय, आणि गळा म्हणाल तर देवाने घाईघाईत बसवलेला. दोन सूर बरे लागले की तिसरा थेट शेजारच्या गावात जाऊन पडायचा. पण तिचा मुलगा, बाळराजे, तिच्याच गाण्यावर झोपायचा. दुपारी तिने त्याला मांडीवर घेतलं, थोपटलं आणि गायला लागली. नेमका राजा तिकडून चालला होता. राजा थबकला. त्याचं तोंड चिंच चावल्यासारखं झालं. पण हुकूम म्हणजे हुकूम. राणीच्याही गालात सुपारी आली.

आणि मग दुसऱ्या सकाळी एक नवल घडलं. ऐका हं नीट. राणी सज्जात बाळाच्या पाळण्याशेजारी उभी होती. बघते तर जातेघरातून एक किडकिडीत म्हातारी बाहेर पडली. कोपरापर्यंत पीठ, डोक्यावर बोचकं. ती होती जात्यावरची ओवी! मग विहिरीकडून एक दणकट गडी आला, धोतरातून पाणी ठिबकतंय. ते मोटेवरचं गाणं. आणि मग राणीच्याच पायाशी काहीतरी सळसळलं. पाळण्याखालून गुडघ्याएवढी एक पोर निघाली, परकर सावरत, डोळे पुसत. ती अंगाई. तिने एकदा मागे वळून बाळाकडे पाहिलं आणि धावत त्या दोघांना गाठलं. तिघं वेशीबाहेर गेली. राणीला हाक मारायची होती. पण तोंडात सुपारी! हाक घशातच राहिली.

त्या दिवसापासून नगरीला चैन पडेना. दळणाऱ्या बायकांचे हात भरून यायला लागले. पूर्वी गाता गाता पायली कधी संपली कळायचं नाही, आता मूठभर दाणे टाकले तरी जातं ओढवत नव्हतं. मोटेचे बैल विहिरीच्या उतारावर, धावेवर, निम्म्यात उभे राहायचे आणि मागे बघायचे, की अरे, गाणं कुठे गेलं? गाई लाथा झाडायच्या. माणसं बसली की उठायची, उठली की बसायची. ज्याला त्याला धाप लागायची, जो तो दुसऱ्यावर खेकसायचा. धैवतबुवा सकाळ-संध्याकाळ चौकात गायचे, फार सुरेख गायचे, लोक मान डोलवायचे. पण घरी गेले की पुन्हा तीच तगमग.

आणि राजवाड्यात बाळराजे झोपेनासे झाले. पाळण्यात घातलं की रडायचे, काढलं की रडायचे. दूध तोंडाला लावलं की मान फिरवायचे. गुटगुटीत पोर, त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. राजा येरझाऱ्या घालून घालून थकला, बसला तरी त्याचा पाय हलतच राहायचा. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, सुपारी ह्या गालातून त्या गालात सारली आणि म्हणाले, "महाराज, ह्याला रोग नाही. ह्याला चैन नाही. ती माझ्या बटव्यात कुठून असणार?"

राणीला ठाऊक होतं, चैन कुठे गेली ते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी जाताना पाहिली होती!

मग ती निघाली. वेशीबाहेर माळ, माळापलीकडे टेकडी, टेकडीवर उंबर. उंबराखाली तिघं बसलेली, एकमेकांकडे पाठ करून. रुसलेली माणसं बसतात ना, तशी. राणीने ओवीची ओटी भरली, गड्याला पागोटं दिलं, पोरीला रेशमी परकर दिला. बोबड्या बोलात म्हणाली, "घरी चला ना."

ओवीने खण डोळ्यांना लावला आणि बाजूला ठेवला. "बाई, माहेरपणाला आलो नाही आम्ही. आम्हाला घालवलंय."

राणी परतली. बाळ आणखी वाळलं होतं. मग दुसऱ्या दिवशी ती धैवतबुवांनाच घेऊन गेली. बुवांनी तंबोरा लावला आणि उंबराची पानंसुद्धा हलायची थांबली, इतकं गोड गायले. तिघांनी मनापासून ऐकलं. मोटेवरचा गडी म्हणाला, "लई ग्वाड!" पण उठलं कुणी नाही.

बुवांनी तंबोरा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "राणीसाहेब, सांगू का? मी घरी तांदूळ निवडताना गुणगुणतो ना, ते हे नव्हे. ते अगदीच कसंतरी असतं. कोतवालाच्या भीतीने तेही बंद केलं. तेव्हापासून माझं जेवणावरनं मन उडालंय." आणि एवढे मोठे बुवा, पण डोळे भरून आले त्यांचे.

झोपलात की काय? केशू? बरं, ऐक मग.

तिसऱ्या दिवशी राणीने काहीच नेलं नाही. नेणार काय? बाळाने सकाळपासून दुधाचा थेंब घेतला नव्हता, रडायचंही त्राण नव्हतं. त्याला पाळण्यात टाकून जाववेना. मग तिने त्याला कडेवर घेतलं आणि चालायला लागली. ऊन चढलं. बाळ कण्हायला लागलं. टेकडीवर पोचली तेव्हा राणीला बोलायचं होतं, विनवायचं होतं, पण तिला रडूच फुटलं. ती नुसती उभी राहिली आणि डुलायला लागली. कडेवर मूल असलं की बाई आपोआप डुलते, तशी. ह्या पायावरून त्या पायावर, ह्या पायावरून त्या पायावर.

बाळाने आईच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं. त्याला तो गाल मुळीच आवडायचा नाही. त्याने आपलं इवलं बोट आईच्या तोंडात घातलं, सुपारी बाहेर ओढली आणि दिली फेकून!

राणीचं तोंड उघडंच राहिलं. आणि त्या उघड्या तोंडातून, तिने ठरवायच्या आत, आलं की हो गाणं!

"वारा निजला चिंचेत,
पाणी निजलं घागरीत,
सोनं माझं पदरात..."

दुसऱ्या ओळीलाच सूर घसरला. तिसऱ्या ओळीत तर कुठल्या कुठे गेला. पण ती गुडघ्याएवढी पोर टुणकन उठली आणि राणीच्या पदराला लोंबकळली. मग ओवीने बोचकं उचललं. मग गड्याने धोतर झटकलं. गाणारं माणूस पुढे आणि गाणी मागे, अशी वरात निघाली.

वेशीवर कोतवाल उभा. त्याने थैलीत हात घातला. राणी थांबली नाही. गात गात भर पेठेतून चालली, घाबरली होती, आवाज थरथरत होता, तरी चालली. लोक दारात आले. राजा धावत बाहेर आला, दोन्ही कानांवर हात ठेवून. "राणी! बंद करा ते!" असं ओरडायला त्याने तोंड उघडलं. आणि त्याला दिसलं, बाळाची मान आईच्या खांद्यावर पडलीय. ओठ अर्धवट उघडे. पाठ संथ वरखाली होतेय.

कोतवाल सुपारी घेऊन पुढे झाला. "महाराज, राणीसाहेब बेसूर..."

राजाने कानांवरचे हात काढले आणि कोतवालाच्या तोंडावर धरले. "हळू बोल," राजा कुजबुजला. "झोपलाय."

तो तिथेच, पेठेच्या धुळीत, मटकन बसला. कितीतरी दिवसांनी त्याचा पाय हलायचा थांबला होता. मग एका म्हातारीने सुपारी काढून फेकली. मग तिच्या सुनेने. मग टपटप, टपटप, नगरभर सुपाऱ्यांच्या गारा पडल्या! जाती घरघरायला लागली, बैल धावेवर चालायला लागले, कोण कसंही गात होतं, पण गात होतं. बाळ उठलं ते भूक लागून उठलं. वाटीभर खीर खाल्ली आणि बापाच्या मांडीवर जाऊन त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. जणू म्हणालं, आता तू गा.

राजा आयुष्यात कधी गायला नव्हता. घाबरत घाबरत गायला. आणि काय सांगू, सगळ्या नगरीत सगळ्यात बेसूर निघाला तोच! बाळ खदखदून हसलं. राणी हसली. धैवतबुवासुद्धा तोंडावर उपरणं धरून हसले.

मग लोकांनी त्या सुपाऱ्या झाडून वेशीबाहेर टाकल्या. तिथे पोफळीची बाग उगवली आणि सगळी त्या सावलीत सुखाने राहिली.

काय म्हणालास केशू? वाळलेली सुपारी उगवत नाही? गोष्टीत उगवते. आता डोळे मीट. मनू, हात दे इकडे. मी थोपटते आणि गुणगुणते. माझाही गळा राणीसारखाच आहे, पण आजवर ह्या घरातलं प्रत्येक पोर त्याच्यावरच झोपलंय. तुमचे बाबासुद्धा.

वारा निजला चिंचेत... पाणी निजलं...

झोपली वाटतं.