गुळाचे दगड

एक होता राजा. त्याला मुलांचं रडणं खपायचं नाही. मग त्याने दवंडी पिटवली, की मूल रडलं तर त्याचं तोंड गोड करा. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या कनवटीला गूळ. मूल रडलं, की घातला खडा तोंडात. भरल्या तोंडाने रडता येत नाही, बरं का. लोक म्हणायचे, केवढा मायाळू राजा.

त्या गावात सोनकी नावाची मुलगी होती. तिची शेळी वाघाने नेली. सोनकीने भोकाड पसरलं. बापाने गूळ दिला. तिने गिळला, तर पोटात टक्‌कन वाजलं. मग आत्याने तिची बाहुली आपल्या लेकीला देऊन टाकली. सोनकी रागाने लाल झाली. पुन्हा गूळ, पुन्हा टक्‌. मग तिची आई तापाने गेली. आता अख्खं गाव गूळ घेऊन आलं. "शहाणी आहे हो पोर, रडली नाही," म्हणत आपापल्या घरी गेलं.

शहाणी कसली. पोटात तीन दगड झाले होते. त्यांच्या भाराने ती अंगणात रुतायला लागली. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. बापाला दिसायचं, पण त्याच्याही तोंडात गूळ होता.

मग एक म्हातारी आली. जात्यांना टाकी लावणारी. दगड ठोकण्यातच तिचा जन्म गेलेला. तिने सोनकीच्या पोटाला कान लावला.

"दगड आहेत गं. एकेकाला नाव ठेव, म्हणजे निघतील."

"आई म्हणायची, कुणाला नावं ठेवू नयेत."

"ते माणसांना, बाई. यांना खुशाल ठेव."

मग सोनकी म्हणाली, "ही वाघाची भीती." एक दगड तोंडातून पडला. "हा आत्याचा राग." दुसरा पडला. तिसऱ्याला नाव सापडेना. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "मला आई हवी."

"ती नाही यायची," म्हातारी म्हणाली. "रड."

सोनकी रडली, आणि तिसरा दगड पडला. राजाचा शिपाई गूळ घेऊन धावला, तर म्हातारीने छिन्नी उगारली. मग बाप आला. तोंडातला गूळ थुंकून, लेकीला कवटाळून तोही रडला. मग शेजारी, मग सगळं गाव. राजा कानांत बोटं घालून डोंगरापलीकडे पळाला. गेला तर गेला.

सोनकी वर आली. भाकर खाल्ली. आई काही परत आली नाही. पण उरलेले सगळे सुखाने नांदले. कुणाच्या पोटात काही असेल, तर आत्ताच सांगा. नसेल तर झोपा आता.